कीटकनाशकाची मात्रा आणि प्राण्यांवरचे परिणाम: अहवाल कसा वाचायचा

कीटकनाशकाच्या विषारीपणाचा अहवाल हाती आला की बहुतेक विद्यार्थी सारांशातला एल.डी.५० (निम्मे प्राणी ज्या मात्रेला मरतात तो आकडा) शोधतात, वहीत उतरवतात आणि फाइल मिटतात. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी उलटीकडून वाचायला लावते. आधी परिशिष्ट उघडा. तिथे प्रत्येक प्राण्याची वेगळी नोंद असते: त्याचा क्रमांक, नर की मादी, वेळोवेळची वजनं, कितव्या तासाला काय दिसलं, शवविच्छेदनात काय आढळलं. ते वाचून झालं की तक्ते, आणि सारांश सगळ्यात शेवटी.

मी पशुवैद्यक. विकृतिशास्त्रातून विषशास्त्रात आले. नोकरीची बरीच वर्षं प्राणीगृहात पिंजऱ्यांसमोर नोंदी घेण्यात आणि नंतर त्याच प्राण्यांच्या स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यात गेली. मात्रा वाढली की परिणाम वाढतो, एवढं सगळ्यांनाच माहीत असतं. अहवाल वाचताना विचारायचा प्रश्न याच्या पुढचा आहे: कुठल्या मात्रेला प्राणी पहिल्यांदा बदलला, आणि तो बदल नजरेस यावा अशी सोय त्या प्रयोगात होती का? पुढे जे सांगते आहे ते सगळं या प्रश्नाचं उत्तर काढण्यासाठीच.

आधी मात्राच तपासा

मात्रा लिहितात ती मिलिग्रॅम प्रति किलो शरीरवजन अशी. ५० मि.ग्रॅ./किलो ही मात्रा २५० ग्रॅमच्या रॅटला (प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदराला) द्यायची तर १२.५ मि.ग्रॅ. द्रव्य लागतं. ते नळीने थेट जठरात सोडतात. याला गॅव्हाज म्हणतात. द्रव साधारण १० मि.लि. प्रति किलो या हिशेबाने देतात, म्हणजे या रॅटला २.५ मि.लि., आणि बाटलीतलं द्रावण ५ मि.ग्रॅ. प्रति मि.लि. तीव्रतेचं. शेजारच्या पिंजऱ्यात १८० ग्रॅमची मादी असेल तर तिला त्याच बाटलीतलं १.८ मि.लि. गणित सोपं आहे, पण वजन कधी घेतलं ते बघा. रॅटला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवतात, माऊसला (लहान उंदराला) तीन-चार तास पुरतात, आणि मात्रा काढायची ती उपाशी ठेवल्यानंतरच्या ताज्या वजनावर. वाढीच्या वयातल्या प्राण्याची मात्रा आठवड्यापूर्वीच्या वजनावर काढली तर त्याला कागदावर लिहिल्यापेक्षा कमी मिळालेली असते.

मग शुद्धता. कारखान्यातून येणारा टेक्निकल पदार्थ १०० टक्के शुद्ध नसतो. तो ९२ टक्के असेल तर १२.५ मि.ग्रॅ. सक्रिय घटकासाठी १३.६ मि.ग्रॅ. पदार्थ तोलावा लागतो. अहवालातली मात्रा सक्रिय घटकाची की तोललेल्या पदार्थाची, हे एका वाक्यात कुठेतरी लिहिलेलं असतं. ते वाक्य शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. चाचणी तयार औषधाची असेल तर त्यात द्रावक आणि पायसकारकही (तेल-पाणी एकजीव करणारी द्रव्यं) असतात, आणि त्यांचाही प्राण्याला त्रास होतो. अशा वेळी दिसलेला परिणाम सगळाच्या सगळा कीटकनाशकाच्या खात्यावर टाकता येत नाही.

पदार्थ कशात मिसळून दिला, याकडे तर हमखास दुर्लक्ष होतं. डेल्टामेथ्रिन हे कीटकनाशक तेलातून दिलं तर रॅटमध्ये एल.डी.५० साधारण १३५ मि.ग्रॅ./किलोच्या आसपास येतो. तेच पाण्यातल्या निलंबनातून दिलं तर ५,००० मि.ग्रॅ./किलो देऊनही निम्मे प्राणी मरत नाहीत. रेणू तोच, प्राणी तोच. फरक पडला तो आतड्यातून रक्तात किती शिरलं याचा. म्हणून वाहक कोणता ते वाचल्याशिवाय दोन अहवालांतले आकडे शेजारी ठेवू नयेत. पोटात गेलेली मात्रा आणि शरीराला लागलेली मात्रा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रक्तातली पातळी मोजलेली असेल तर तो तक्ता सोन्याच्या मोलाचा समजा.

दीर्घ मुदतीच्या प्रयोगांत पदार्थ खाद्यात मिसळतात आणि मात्रा पीपीएममध्ये लिहितात, म्हणजे एक किलो खाद्यात किती मिलिग्रॅम. इथे घोटाळा होतो तो असा: २० पीपीएमचं खाद्य २०० ग्रॅमची तरुण रॅट दिवसाला २० ग्रॅम खाते, तिच्या पोटात ०.४ मि.ग्रॅ. जातं, म्हणजे किलोला २ मि.ग्रॅ. तीच रॅट वाढून ४०० ग्रॅमची झाली आणि खाणं तेवढंच राहिलं तर मात्रा १ मि.ग्रॅ./किलोवर येते. पिशवीवरचा पीपीएमचा आकडा बदललेला नाही, पण मात्रा निम्मी झाली. प्रौढ रॅटसाठी १ पीपीएम म्हणजे साधारण ०.०५ मि.ग्रॅ./किलो/दिवस आणि माऊससाठी ०.१५ असा ढोबळ हिशेब वापरतात. चांगल्या अहवालात प्रत्यक्ष खाल्लेल्या खाद्यावरून गटागटाची सरासरी मात्रा काढून दिलेली असते. तोच आकडा घ्यायचा.

एल.डी.५०: किती घ्यायचा, किती सोडायचा

निम्मे प्राणी ज्या मात्रेला मरतात ती मात्रा म्हणजे एल.डी.५०. ट्रेव्हन यांनी १९२७ मध्ये ही कल्पना मांडली ती डिजिटॅलिस, इन्शुलिन यांसारख्या औषधांचे वेगवेगळे घाणे किती तीव्र आहेत हे एकमेकांशी ताडून बघण्यासाठी. सुरक्षित मात्रा ठरवणं हा तिचा हेतू नव्हता. ते काम पुढे आपण तिच्या गळ्यात बांधलं.

मृत्यू फक्त ‘झाला’ किंवा ‘नाही’ असा मोजता येतो, म्हणून आलेख काढताना मात्रेचा लॉगरिदम घेतात आणि मृत्यूच्या टक्केवारीचं प्रॉबिट या सांख्यिकी एककात रूपांतर करतात. ही पद्धत चेस्टर ब्लिस यांनी १९३४ मध्ये मांडली. एस आकाराचा वक्र यामुळे सरळ रेषेत येतो आणि त्या रेषेला दोन गोष्टी असतात: मध्य आणि उतार. एल.डी.५० हा नुसता मध्य झाला. उताराची किंमत कळावी म्हणून मी वर्गात एक काल्पनिक उदाहरण सोडवून घेते. अ आणि ब या दोन्ही पदार्थांचा एल.डी.५० १०० मि.ग्रॅ./किलो. अ चा प्रॉबिट-उतार ८, ब चा २. शंभरातला एक प्राणी कुठल्या मात्रेला मरेल? एक टक्क्यासाठी मध्यापासूनचं अंतर २.३२६ प्रॉबिट, त्याला उताराने भागायचं आणि लॉगरिदम उलटा करायचा. अ साठी उत्तर येतं सुमारे ५१ मि.ग्रॅ./किलो, ब साठी सुमारे ७. मध्य एकच, आणि खालच्या टोकाला सातपट फरक. ब सारखा पसरट वक्र म्हणजे प्राण्याप्राण्यांत संवेदनशीलतेचा मोठा फरक. अ सारखा कड्यासारखा वक्र म्हणजे थोडीशी मात्रा चुकली की थेट मृत्यू. दोन्ही धोकेच, पण जातीने वेगळे. एल.डी.५० सोबत उतार आणि ९५ टक्के विश्वासमर्यादा (खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा त्याच्या दोन कडा) दिल्या नसतील तर तो आकडा अर्धवट समजावा.

जागतिक आरोग्य संघटनेचं वर्गीकरण मात्र याच आकड्यावर उभं आहे. रॅटमध्ये तोंडावाटे ५ मि.ग्रॅ./किलोपेक्षा कमी असेल तर वर्ग १अ, ५ ते ५० मध्ये १ब, ५० ते २,००० मध्ये २, त्यावर ३. अल्डिकार्ब १अ मध्ये बसतं कारण त्याचा एल.डी.५० एक मि.ग्रॅ.पेक्षाही कमी आहे. मॅलॅथिऑन २,१०० च्या आसपास, म्हणून वर्ग ३. डीडीटी ११३, म्हणून वर्ग २. आता इथेच थांबलात तर डीडीटी क्लोरपायरिफॉसच्या (१३५) शेजारी जाऊन बसतं आणि दोन्ही सारखीच वाटायला लागतात. एक चरबीत वर्षानुवर्षं साठून राहतं, दुसरं मेंदूतलं एन्झाइम अडवतं. एका दिवसाच्या मृत्यूच्या आकड्याला यातलं काहीच कळत नाही.

हा आकडा बारकाईने काढण्यासाठी एकेकाळी डझनावारी प्राणी मारले जात. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये प्राण्यांच्या जागी दुसरी पद्धत वापरणं, संख्या कमी करणं आणि यातना कमी करणं ही तीन तत्त्वं मांडली. तरी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची ४०१ क्रमांकाची जुनी चाचणीपद्धत रद्द व्हायला २००२ चा डिसेंबर उजाडला. आता ४२०, ४२३ आणि ४२५ या पद्धती आहेत. ४२३ मध्ये एका पायरीला फक्त तीन प्राणी घेतात आणि ५, ५०, ३०० आणि २,००० मि.ग्रॅ./किलो अशा ठरलेल्या मात्रांमधून वर किंवा खाली सरकतात. ४२० मध्ये तर प्राणी मरेपर्यंत थांबतच नाहीत. विषबाधेची स्पष्ट लक्षणं दिसली की निष्कर्ष काढतात. मला ही शेवटची पद्धत शास्त्र म्हणूनही सरस वाटते, कारण मृत्यू हा सगळ्यात उशिरा येणारा आणि सगळ्यात कमी माहिती देणारा परिणाम आहे. तो ज्या मात्रेला होतो त्याच्या बरंच खाली शरीर बोलायला लागलेलं असतं.

लक्षणं वाचायला शिका

तीव्र विषबाधेच्या प्रयोगात पहिल्या अर्ध्या तासात किमान एकदा, मग पहिले चार तास खास लक्ष देऊन आणि पुढे चौदा दिवस रोज निरीक्षण करतात. परिशिष्टातल्या या नोंदी वाचताना लक्षणांचा क्रम आणि त्यांची वेळ जुळवत चला; पदार्थ शरीरात काय करतो ते तिथे उघड होतं.

कीटकनाशकांचा ऑर्गॅनोफॉस्फेट हा गट घ्या. ही द्रव्यं ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम अडवतात, ॲसिटिलकोलिन हे चेतांचा संदेश नेणारं रसायन साचत जातं आणि ग्रंथी, आतडी, स्नायू थांबायचं नावच घेत नाहीत. रॅटमध्ये आधी तोंड चावल्यासारखं हलतं, मग हनुवटीखालची लव लाळेने भिजते, पातळ शी होते, लघवी सुटते. मग खांद्याच्या स्नायूंत बारीक फडफड, अंगभर थरथर, आणि शेवटी श्वासाची धडपड. याच सुमारास डोळ्यांच्या कडेला लालभडक थेंब दिसतात. नवखे विद्यार्थी ‘डोळ्यातून रक्तस्राव’ असं लिहून मोकळे होतात. ते रक्त नसतं. रॅटच्या डोळ्यामागे हार्डेरियन ग्रंथी असते, तिच्या स्रावात पॉर्फिरिन हे रंगद्रव्य असतं, आणि साचलेल्या ॲसिटिलकोलिनच्या उत्तेजनाने तो स्राव भराभर बाहेर येतो. कापसाच्या बोळ्यावर घेऊन अतिनील दिव्याखाली धरला तर गुलाबी-लाल चमकतो. रक्त तसं चमकत नाही. मात्र आजारी किंवा ताणाखालच्या रॅटमध्येही हा स्राव दिसतो. म्हणून एकट्या लाल अश्रूंवरून निष्कर्ष नको. लाळ, थरथर आणि बारीक झालेली बाहुली यांच्या सोबतीने ते आले आहेत का, आणि कंट्रोल गटात (ज्याला पदार्थ दिलेला नसतो) किती जणांना आले, ते मोजा.

पॅराथिऑन या ऑर्गॅनोफॉस्फेटची लक्षणं थोड्या उशिराने येतात, कारण पॅराथिऑन स्वतः कमजोर अवरोधक आहे. यकृतात त्याचं पॅराऑक्सॉन होतं तेव्हा ते जहाल बनतं. उलट हेच एन्झाइम अडवणाऱ्या कार्बामेट गटातली काही द्रव्यं अर्ध्या तासात शिखर गाठतात आणि काही तासांत प्राणी पूर्ववत दिसतो. अशा पदार्थाचं निरीक्षण दुसऱ्या दिवशी सकाळी केलं तर ‘काहीही आढळलं नाही’ अशी प्रामाणिक नोंद होईल आणि ती पूर्णपणे दिशाभूल करणारी असेल.

पायरेथ्रॉइड या तिसऱ्या गटाचा मामला सोडियम चॅनेलचा, म्हणजे सोडियम आत सोडणाऱ्या मार्गांचा. चेतातंतूंमधले हे मार्ग बंद व्हायला उशीर लावतात आणि चेता पुन्हा पुन्हा पेटत राहते. परमेथ्रिनसारख्या पहिल्या प्रकारात कंप आणि स्पर्शाला दचकणं ठळक असतं. डेल्टामेथ्रिनसारख्या दुसऱ्या प्रकारात लाळ गळते आणि अंगाला पीळ पडल्यासारख्या संथ, वळवळत्या हालचाली होतात. लाळ दोन्हीकडे दिसते म्हणून ऑर्गॅनोफॉस्फेट आणि दुसऱ्या प्रकारचं पायरेथ्रॉइड यांत गल्लत होते. हालचाल बघितली की ती मिटते. लिंडेन, एन्डोसल्फान, फिप्रोनिल ही गाबाचं (चेतांना शांत ठेवणाऱ्या रसायनाचं) काम रोखणारी द्रव्यं. इथे पूर्वसूचना फारशी न मिळता एकदम झटके येऊ शकतात.

सौम्य परिणाम शोधायचा तर पिंजऱ्याबाहेरून बघणं पुरत नाही. प्राणी हातात घ्यावा लागतो. पोटाखाली तळहात धरला की डोळ्यांना न दिसणारी बारीक थरथर तळव्याला आधी लागते. म्हणून चांगल्या प्रयोगात हाताळणी, मोकळ्या चौकटीतली चाल, पंजाची पकड, थोड्या उंचीवरून सोडल्यावर मागच्या पायांत पडणारं अंतर, अशा ठरलेल्या चाचण्यांची मालिका असते. ती परिणामाच्या शिखराच्या वेळी केली होती का, आणि नोंद घेणाऱ्याला गट माहीत नव्हता ना, या दोन गोष्टी बघा. गट माहीत असला की वरच्या मात्रेच्या प्राण्यात माणसाला थरथर दिसायला लागते. कितीही अनुभवी माणूस असो, हे होतं.

एन्झाइमचा आकडा

ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेटच्या अहवालात कोलिनएस्टरेजचा तक्ता हे माझं आवडतं पान, कारण इथे मात्रा आणि परिणाम यांचं नातं सलग, पायरीपायरीने दिसतं. मेंदू बर्फावर काढतात, थंड बफरमध्ये त्याचा लगदा करतात, आणि एलमन यांच्या १९६१ च्या पद्धतीने एन्झाइमचा वेग मोजतात. एन्झाइम ॲसिटिलथायोकोलिन फोडतं, सुटलेला थायोकोलिन अभिकर्मकाशी जुळून पिवळा रंग देतो आणि तो ४१२ नॅनोमीटरवर वाचतात. कंट्रोलच्या खळग्यात पिवळेपणा बघता बघता गडद होतो. वरच्या मात्रेचा खळगा फिकाच राहतो. कंट्रोलचा वेग १०.० आणि उपचारित गटाचा ७.४ असेल तर अवरोध २६ टक्के.

ढोबळमानाने मेंदूतला अवरोध अर्ध्याच्या पुढे गेला की लक्षणं स्पष्ट होतात, आणि ८०-९० टक्क्यांच्या घरात प्राणी दगावायला लागतात. पण हानीची रेघ इतकी वर आखत नाहीत. कीटकनाशकांच्या अवशेषांचं मूल्यमापन करणारी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांची बैठक, जेएमपीआर, मेंदूत किंवा तांबड्या पेशींत सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय असा २० टक्के किंवा त्याहून जास्त अवरोध हा चिंतेचा मानते. रक्तद्रवातला अवरोध मुख्यतः संपर्क झाल्याची खूण म्हणून घेतात.

कार्बामेटच्या बाबतीत नमुन्याची हाताळणी वाचायलाच हवी. कार्बामेटचा एन्झाइमशी जोड आपोआप सुटतो. नमुना पातळ केला, ऊबदार टेबलावर ठेवला, चाचणीला उशीर केला, की परीक्षानळीतच एन्झाइम मोकळं होत जातं आणि अवरोध खराहून कमी निघतो. प्राण्याचा जीव गेला आणि माहिती मात्र हाताळणीत हरवली, याचं मला फार वाईट वाटतं.

पुनःपुन्हा दिलेल्या मात्रा

नव्वद दिवसांच्या प्रयोगात एक कंट्रोल आणि किमान तीन मात्रा असतात, प्रत्येक गटात दहा नर आणि दहा माद्या. सगळ्यात वरच्या मात्रेने विषबाधा दिसावी पण प्राणी मरू नयेत. सगळ्यात खालच्या मात्रेला काहीच दिसू नये. मधली पायरी साधारण दोन ते चार पटींची.

समजा एका काल्पनिक ऑर्गॅनोफॉस्फेटच्या मात्रा ०, २५, १०० आणि ४०० पीपीएम, आणि माद्यांच्या मेंदूतला अवरोध अनुक्रमे ०, २, २४ आणि ५८ टक्के. ४०० ला वजनवाढही घटलेली. इथे १०० पीपीएम ही परिणाम दिसलेली सर्वात कमी मात्रा, म्हणजे एलओएईएल. आणि २५ पीपीएम ही घातक परिणाम न दिसलेली सर्वात मोठी मात्रा, म्हणजे एनओएईएल. खरा उंबरठा २५ आणि १०० यांच्यामध्ये कुठेतरी आहे. एनओएईएल हा प्रयोग करणाऱ्याने निवडलेल्या मात्रांपैकीच एक असतो, हे नेहमी ध्यानात ठेवा. याहून खटकणारी गोष्ट अशी की गटात प्राणी कमी घेतले, मोजणी ढिसाळ केली, तर फरक लक्षणीय ठरत नाही आणि एनओएईएल वर सरकतो. निकृष्ट प्रयोगाला बक्षीस मिळतं! म्हणून क्रम्प यांनी १९८४ मध्ये बेंचमार्क मात्रेची पद्धत सुचवली. तीत सगळ्या गटांच्या आकड्यांवरून वक्र बसवतात, ठरावीक परिणामाची, समजा १० टक्के बदलाची, मात्रा काढतात आणि तिची खालची विश्वासमर्यादा धरतात. प्रयोग ढिसाळ असेल तर मर्यादा रुंदावते आणि आकडा खाली येतो. हा न्याय योग्य आहे.

सरासरीवर विसंबू नका, असं मी सांगते ते का? दहा माद्यांपैकी आठांत ९ टक्के अवरोध आणि दोघींत ४० टक्के असला तर सरासरी जेमतेम १५ येते, २० च्या रेघेखाली. त्या दोघी परिशिष्टात सापडतात. त्यांचे क्रमांक घ्या, त्यांच्या वजनाच्या ओळी बघा, त्यांच्या निरीक्षणांत त्या आठवड्यात काही वेगळं लिहिलं आहे का ते बघा. त्याचप्रमाणे ‘१० पैकी ० प्राण्यांत परिणाम’ याचा अर्थ परिणाम शून्य असा होत नाही. खरं प्रमाण २६ टक्क्यांपर्यंत असूनही दहांत एकही न दिसण्याची शक्यता ५ टक्के उरतेच. पन्नास प्राणी घेतले तर ही मर्यादा सुमारे ६ टक्क्यांवर येते. कर्करोगाच्या चाचणीत गटाला पन्नास नर, पन्नास माद्या घेतात त्यामागे हेच गणित आहे.

दिसलेला प्रत्येक बदल हानिकारक नसतो, आणि इथे मतभेद होतात. डीडीटी किंवा पायरेथ्रॉइड दिलेल्या रॅटचं यकृत वजनदार होतं. स्लाइडवर मधल्या शिरेभोवतीच्या पेशी फुगलेल्या, फिक्या गुलाबी, काचेसारख्या दिसतात. यकृताने परकं द्रव्य फोडायला एन्झाइम वाढवली, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. त्याबरोबर पेशी मेलेल्या असतील, रक्तात एएलटी (यकृताच्या पेशींतून सुटणारं एन्झाइम) चढलेलं असेल, पित्तनलिकांभोवती दाह असेल तर ती हानी. मी नुसत्या फुगलेल्या पेशींना हानी म्हणत नाही, पण मात्रेबरोबर त्या वाढत जात असतील तर दोन वर्षांच्या प्रयोगाचं यकृताचं पान उघडल्याशिवाय राहत नाही. वजन घटलं तर आधी खाद्याचा तक्ता बघा. काही द्रव्यांचा वास किंवा चव प्राण्याला आवडत नाही. तो कमी खातो, म्हणून हडकतो.

कुणाला दिली, कशाबरोबर दिली

पॅराथिऑनचा तोंडावाटे एल.डी.५० नर रॅटमध्ये १३ आणि मादीत ३.६ मि.ग्रॅ./किलो नोंदला गेला आहे. एकाच लिंगावर केलेल्या प्रयोगाचा आकडा दुसऱ्याला लावायचा नाही, तो यासाठी. वयाचंही तसंच: नुकत्या जन्मलेल्या पिल्लांत ही द्रव्यं फोडणारी एस्टरेज एन्झाइम पुरेशी तयार झालेली नसतात, त्यामुळे डेल्टामेथ्रिन किंवा क्लोरपायरिफॉस त्यांना प्रौढांपेक्षा कित्येक पट कमी मात्रेत बाधतं. परमेथ्रिन कुत्र्याला सोसतं आणि मांजराला मारतं, कारण मांजराच्या यकृतात ग्लुक्युरॉनिडेशन ही परकी द्रव्यं निकामी करणारी क्रिया दुबळी आहे.

काही परिणाम तर रॅटमध्ये नीट दिसतच नाहीत. ट्रायऑर्थोक्रेसिल फॉस्फेट या ऑर्गॅनोफॉस्फेट रसायनाने १९३० मध्ये अमेरिकेत हजारो माणसांचे पाय लुळे पडले. या प्रकारचा उशिरा येणारा पक्षाघात रॅटपेक्षा कोंबडीत स्पष्ट दिसतो, म्हणून ऑर्गॅनोफॉस्फेटची ही चाचणी प्रौढ कोंबड्यांवर करतात आणि एका मात्रेनंतर २१ दिवस त्यांची चाल बघतात. पहिल्या आठवड्यात कोंबडी ठणठणीत असते. अहवाल त्या आठवड्यात संपला असेल तर त्याला काही अर्थ नाही.

मिश्रणाबद्दल मॅलॅथिऑनसारखा शिक्षक नाही. सस्तन प्राण्यांत कार्बॉक्सिलएस्टरेज हे एन्झाइम मॅलॅथिऑनला निकामी करतं, म्हणून त्याचा एल.डी.५० इतका मोठा. ते एन्झाइम दुसऱ्या कशाने अडवलं तर? १९५७ मध्ये ईपीएन या ऑर्गॅनोफॉस्फेटबरोबर दिल्यावर मॅलॅथिऑनची विषारकता बेरजेच्या कितीतरी पुढे गेल्याचं प्रसिद्ध झालं. १९७६ मध्ये पाकिस्तानात मलेरिया निर्मूलनाच्या फवारणीवर असलेल्या सुमारे साडेसात हजार कामगारांपैकी अंदाजे २,८०० जणांना विषबाधा झाली आणि पाच जण गेले. मॅलॅथिऑन ‘कमी विषारी’च होतं; पण त्या मालात आयसोमॅलॅथिऑन तयार झालेलं होतं, आणि ते नेमकं त्या रक्षक एन्झाइमलाच अडवतं. चाचणी ज्या घाण्याची झाली त्याचं अशुद्धींचं पृथक्करण अहवालात आहे का आणि वापरात येणाऱ्या मालाशी ते जुळतं का, हे मी तेव्हापासूनच्या प्रत्येक फाइलमध्ये शोधावं असं सांगते.

प्राण्यावरून माणसावर

सर्व प्रयोगांतून, संवेदनशील प्राण्यातला सर्वात कमी आणि माणसाला लागू पडणारा एनओएईएल निवडतात आणि त्याला साधारण १०० ने भागतात: प्राणी आणि माणूस यांतल्या फरकासाठी १०, माणसामाणसांतल्या फरकासाठी १०. लेहमन आणि फिट्झह्यू यांनी १९५४ मध्ये हा शंभरचा भाजक मांडला. अमेरिकेच्या १९९६ च्या कायद्याने मुलांसाठी आणखी १० चा भाजक जोडायला लावला; भरवशाची माहिती असेल तरच तो बदलता येतो. वरच्या काल्पनिक उदाहरणात २५ पीपीएमच्या गटाने प्रत्यक्ष खाल्लेली सरासरी मात्रा १.६ मि.ग्रॅ./किलो/दिवस निघाली असेल तर रोजची स्वीकार्य मात्रा, एडीआय, ०.०१६ मि.ग्रॅ./किलो.

भागाकार करण्याआधी वर कुठला आकडा ठेवला आहे ते बघा. तो अशा प्रयोगातून आला असेल जिथे कोलिनएस्टरेज मोजलंच नव्हतं, किंवा फक्त नर होते, किंवा निरीक्षण शिखर ओसरल्यावर झालं, तर शंभराने भागूनही तो सुरक्षित होत नाही. आणि परिणाम एकाच मात्रेने होणारा असेल, जसा कार्बामेट किंवा पायरेथ्रॉइडचा होतो, तर आयुष्यभराच्या सरासरीवर बेतलेला एडीआय पुरत नाही. त्यासाठी तीव्र संदर्भ मात्रा, एआरएफडी, वेगळी ठरवतात, आणि ती एकाच मात्रेच्या प्रयोगातून, शिखराच्या वेळी घेतलेल्या मोजणीवरून काढतात. फाइलमध्ये असा प्रयोग नसेल तर तो मागवून घ्या.